जि. प. शाळेला टॅब घ्यावेत की लॅपटॉप? जाणकारांनी सांगा (धारूर, जि. बीड)

धारूरचे_गुरुजी

नमस्कार मंडळी. धारूर तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते सातवी, पट साठच्या पुढे, आम्ही तिघं शिक्षक. गावची जी पोरं पुण्याला, चाकणला कामाला आहेत त्यांनी मिळून शाळेसाठी पैसे जमवलेत. ग्रामपंचायत तेवढीच भर घालायला तयार आहे. सरपंचांचं म्हणणं, सहावी-सातवीच्या प्रत्येक लेकराला टॅब द्या, कार्यक्रम घेऊन वाटप करू. आमच्या मॅडमचं म्हणणं, आधी शाळेला एक धड लॅपटॉप घ्या, सगळी ऑनलाइन कामं स्वतःच्या फोनवर करून आम्ही थकलो. माझा कल टॅबकडे आहे, पण घरी वाटायचे नाहीत, शाळेत ठेवायचे, असं मला वाटतं.

अडचण अशी की आमच्या कपाटात आधीचे टॅब पडून आहेत. मी बदलून यायच्या आधी कुणा दात्याने दिलेले. काहींवरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. परवा चार्जिंगला लावले तर निम्मे चालूच झाले नाहीत, काही पाठीमागून फुगलेत. आधीच्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "जडवस्तू नोंदवहीत (शाळेच्या सामानाच्या वहीत) माझ्या सहीने चढलेत. एखादा फुटला तर वसुली माझ्याकडून होईल, म्हणून लेकरांच्या हातात दिलेच नाहीत." मी त्यांना दोष देत नाही. पण वापरायला आलेली वस्तू न वापरताच संपली याचं फार वाईट वाटलं. आता ज्या पोरांनी पगारातून पैसे काढून दिलेत त्यांचे टॅब त्याच कपाटात जाऊ नयेत.

दुसरी गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. काही लेकरं आजी-आजोबांकडे राहतात, काही हंगामी वसतिगृहात (ऊसतोडीच्या काळात गावातच लेकरांची सोय), काही आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातात. दुपारी वीज नसते. रेंज शाळेत येत नाही, मारुतीच्या पारावर येते.

काय घ्यावं, किती घ्यावं आणि ते कसं टिकवावं? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी जरूर लिहा.

हिंगोलीकर_आजोबा

गुरुजी, मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. तुमच्या कपाटाची गोष्ट मी केंद्रातल्या कितीतरी शाळांत पाहिली आहे. २२ जून २०१५ चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासन निर्णय आला आणि त्यानंतर डिजिटल शाळांची लाट आली. लोकांनी मनापासून वर्गणी दिली. बायांनी बचत गटातून पैसे दिले, कुणी सोयाबीनच्या पट्टीतून दिले. प्रोजेक्टर आले, टॅब आले. वस्तू घ्यायला पैसा होता, पण ती बिघडल्यावर काय करायचं याचा विचार फार कमी ठिकाणी झाला. प्रोजेक्टरचा दिवा गेला की तो दिवा आणायला तरतूद नाही, मग प्रोजेक्टर कपाटात. टॅबचं तेच.

शिक्षकाची भीती खोटी नाही. नोंदवहीत वस्तू चढली की ती मुख्याध्यापकाच्या गळ्यात. बदलीच्या वेळी पदभार देताना एकेक वस्तू मोजून द्यावी लागते. जुनी बाकं आणि फुटलेल्या घागरीसुद्धा वर्षानुवर्षे कोपऱ्यात का पडून असतात? निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वस्तू नोंदवहीतून काढण्याचा, प्रस्ताव करायचा, तो वर पाठवायचा, मंजुरीची वाट बघायची, हे कुणाला नको असतं.

म्हणून खरेदीच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्या आणि ठराव लिहा. समितीत ७५ टक्के पालकच असतात, त्यामुळे त्या ठरावाला गावात वजन राहतं. ठरावात स्पष्ट लिहा की ही उपकरणं विद्यार्थ्यांच्या हाताळणीसाठी घेतली आहेत, वापरताना होणारी झीज आणि मोडतोड समितीला मान्य आहे, तिची भरपाई शिक्षकाकडून किंवा विद्यार्थ्याकडून घेतली जाणार नाही. देणगीदारांचंही तसं पत्र घ्या, ठरावाला जोडा. पुढे एखादा टॅब फुटला तर त्याच महिन्याच्या बैठकीत नोंद करा, फोटो लावा आणि निर्लेखनाचा प्रस्ताव लगेच गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला द्या. वर्षाच्या शेवटी एकदम करू म्हटलं की कागद सापडत नाहीत.

जुन्या टॅबचंही याच बैठकीत उरकून घ्या. जे चालतात ते वापरात घ्या, जे गेले त्यांचा प्रस्ताव करा. ते ओझं उतरल्याशिवाय नव्याला हात लावायला तुमचे सहकारी धजणार नाहीत.

गंजगोलाईवाला

गुरुजी नमस्कार. माझं लातूरला मोबाईल-टॅब दुरुस्तीचं दुकान हाय. शाळेचे टॅब दरवर्षी जूनमध्ये येलालेत, सगळ्यांची एकच कथा. एप्रिलात कपाटात ठेवले, जूनमध्ये काढले, चालू होईनात.

बॅटरी बैलासारखी असती, काम नसलं तरी वैरण लागती. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरवून महिनोन्‌महिने ठेवली की ती इतकी खाली जाती की चार्जर लावला तरी उठत नाही. आन् पूर्ण भरून पत्र्याच्या खोलीत ठेवली की उन्हाळ्यात फुगती. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४०-४२ असतं, बंद पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात त्याच्या वर जातंय. बहुतेक कंपन्या आपल्या कागदावर लिहितात की ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. तवा सुट्टी लागायच्या आधी सगळे टॅब ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज करून, स्विच ऑफ करून, गावातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. मातीच्या धाब्याचं घर कुणाचं असलं तर तिथं. मेच्या मधी एकदा काढून बघा, खाली आले असतील तर परत निम्मे करा.

घेताना काय बघायचं ते सांगतो. ज्याचा डिस्प्ले, बॅटरी आन् चार्जिंगची पट्टी लातूर-बीडच्या बाजारात मिळती तेच मॉडेल घ्या. स्वस्तातले अनोळखी टॅब चांगले दिसतात, पण काच फुटली की काच मिळत नाही, आन् काच मिळाली तर नव्या टॅबएवढा खर्च सांगावा लागतो. सगळे एकाच मॉडेलचे घ्या, म्हणजे दोन मेले तर त्यांचे पार्ट तिसऱ्याला घालता येतात. सी-टाईप चार्जिंगचेच घ्या. जुन्या मायक्रो पिनात लेकरं वायर उलटी घुसवतात आन् पट्टी जाती, आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या कामात तीच पट्टी असती. हेडफोनची गोल पिन असलेला बघा, कारण वर्गात दहा टॅबचा आवाज एकदम आला तर शिकवता येत नाही, आन् वायरचे हेडफोन स्वस्त पडतात.

जाड रबरी कव्हर आन् काचेवर काच पहिल्याच दिवशी. यात पैसे वाचवू नका.

नांदेड_विज्ञान

मी नांदेडजवळ माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गुरुजी, तुमच्या मॅडमचं म्हणणं बाजूला ठेवू नका.

आज शिक्षकाचा खाजगी फोन म्हणजे शाळेचं कार्यालय झालाय. हजेरी त्यावर, पोषण आहाराची रोजची नोंद त्यावर, चाचणीचे गुण त्यावर, यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, आधारची पडताळणी, अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) सगळं त्यावर. मेमरी भरली की ॲप बंद पडतं, मग घरचे फोटो उडवायचे. रिचार्ज स्वतःच्या खिशातून. एवढंच नाही, माझ्या फोनच्या गॅलरीत शेकडो लेकरांच्या आधार कार्डांचे फोटो जमा झाले होते. तोच फोन संध्याकाळी माझा लहान मुलगा गेम खेळायला घेतो. फोन हरवला असता तर? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. आपण मात्र ती माहिती व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवतो. कायद्याचं कलम बाजूला ठेवलं तरी, एखाद्या आईने विश्वासाने दिलेला कागद असा फिरू नये.

म्हणून माझी विनंती आहे की एक साधा लॅपटॉप शाळेच्या नावावर घ्या. सगळी माहिती त्यात, पासवर्ड लावून. शाळेचं वेगळं सिमकार्ड, शाळेचा वेगळा ईमेल. शिक्षक बदलून गेला की पासवर्ड नव्याला द्यायचा, एवढ्याने निम्मे घोळ मिटतात. लॅपटॉपवर मोठ्या पडद्यावर तक्ता भरायला जो वेळ लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट फोनवर जातो, आणि तो वेळ वर्गातूनच जातो.

मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट हा युनिकोडचा कळफलक शिका. जुन्या फाँटमधलं लिखाण पोर्टलवर टाकलं की भलतीच अक्षरं उमटतात.

सेलूकर

स्पष्ट लिहितो, रागावू नका. टॅब घेऊच नका. साठ लेकरांच्या शाळेत सात वर्ग आणि तीन शिक्षक, ही खरी अडचण आहे. त्या पैशातून गावातली एखादी डीएड झालेली मुलगी मानधनावर ठेवा, गोष्टींची पुस्तकं घ्या, एक कपाट भरून. पुस्तकाला चार्जिंग लागत नाही. मोठमोठ्या देशांनी लॅपटॉप वाटून पाहिलेत. पेरू देशात 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप लाखो लेकरांना दिले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास केला, त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. पंधरा महिन्यांनंतर गणितात आणि भाषेत काहीही फरक दिसला नव्हता. आपल्या महाराष्ट्रातही रायगड जिल्ह्यात खैरात धनगरवाड्याच्या शाळेत २००७ मध्ये तेच हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. २०११ मध्ये दिल्लीत 'आकाश' या सरकारच्या स्वस्त टॅबचा केवढा गाजावाजा झाला! सुमारे २,२५० रुपयांत टॅब, ७ इंची पडदा, २५६ एमबी रॅम. बोटाने जोरात दाबावं लागायचं. आज कुणाच्या घरात तो दिसतो का?

लेकरू वाचायला शिकतं ते माणसाजवळ बसून. हे मी वडिलांच्या शाळेत पाहिलंय आणि आजही तेच मानतो.

खडकेश्वर

सेलूकर, तुमची पुस्तकांची आणि माणसाची बाजू मला पूर्ण मान्य आहे. पण पेरूच्या अभ्यासातून एवढंच दिसतं की यंत्र नुसतं हातात दिल्याने गणित येत नाही. याच्या उलट दिल्लीत सहावी ते नववीच्या लेकरांवर एक अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये छापून आला. तिथं शाळा सुटल्यावर लेकरं केंद्रात यायची आणि संगणक प्रत्येकाला त्याच्या पातळीचं गणित द्यायचा. सातवीतला मुलगा तिसरीच्या वजाबाकीवर अडला असेल तर त्याला तिथूनच सुरुवात. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली वाढ दिसली. आणि त्यात भर म्हणून रोज लहान गटाला शिकवणारं माणूसही जवळ होतं. म्हणजे माणूस आणि यंत्र दोन्ही.

तीन शिक्षक आणि सात वर्ग असतील तिथं टॅबचा खरा उपयोग हाच. गुरुजी पहिली-दुसरीच्या लेकरांना जवळ घेऊन वाचायला शिकवत असताना चौथी-पाचवीची लेकरं तिघा-तिघांचा गट करून सराव करू शकतात. एका लेकराला एक टॅब मुळीच नको. तिघांत एक असला की ती आपसात बोलतात, भांडतात, उत्तर पटवून देतात, आणि त्यातूनच शिकतात.

आता रेंजचं. इंटरनेट नसलं तरी चालतं, ते कसं ते सांगतो. कोलिब्री नावाची एक मोफत प्रणाली आहे. ती एखाद्या जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर बसवायची. शहरात एकदा सगळं साहित्य भरून आणायचं. शाळेत एक साधा वायफाय राउटर लावला की सगळे टॅब त्या छोट्या संगणकाशी जोडले जातात, बाहेरचं नेट लागतच नाही. कुठल्या लेकराने काय सोडवलं, कुठं अडलं, ते शिक्षकाला दिसतं. रास्पबेरी पाय ५ व्होल्टवर चालतो, त्यामुळे चांगल्या पॉवर बँकेवर दुपारची वीज गेलेली कळतही नाही. राउटरसाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो.

त्याशिवाय दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचं साहित्य आधी डाउनलोड करून ठेवता येतं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड पारावर जाऊन एकदा स्कॅन करा, पाठाचे व्हिडिओ उतरवून घ्या, मग वर्गात नेटशिवाय चालतात. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत, खुल्या परवान्याच्या, छापूनही घेता येतात. सेलूकरांचं पुस्तकांचं कपाट त्यातून स्वस्तात भरेल.

जुना लॅपटॉप कुणी देत असेल तर विंडोज १० आहे का ते बघा. त्याला मिळणारे सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत. असा लॅपटॉप फेकू नका, त्यावर उबंटूसारखी लिनक्स प्रणाली टाका. केरळने सरकारी शाळांत वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअर वापरलंय. तिथं काइट ही संस्था हे काम बघते. त्यांच्या माध्यमिक शाळांत लिटिल काइट्स नावाचे विद्यार्थ्यांचे गट आहेत, शाळेच्या संगणकांची देखभाल करायला लेकरंच शिकतात. आपल्या सातवीच्या पोरी हे नक्की करतील.

कोयत्याचं_पोरगं

गुरुजी, मी वडवणी तालुक्यातला. आईवडील अजून कोयत्यावर जातात. मी सध्या संभाजीनगरला अभियांत्रिकीला आहे.

तुमच्या ठरावात आमचाही विचार करा. माझी पाचवी फडावर आणि शाळेत अशी दोन्हीकडं झाली. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, लाईट नसते. फोन एकच, तो बापाकडं, कारण मुकादमाचा फोन कधी येईल सांगता येत नाही. चार्जिंग कुठल्या टपरीवर नाहीतर ट्रॅक्टरवर. रात्री-बेरात्री गाडी भरायला जावं लागतं. तिथं शाळेचा टॅब टिकणारच नाही, आणि हरवला तर आई त्या भीतीनेच अर्धी होईल. म्हणून फडावर टॅब देऊ नका. पण काहीच देऊ नका असंही नाही.

मला जे सुचतं ते सांगतो. आईबापाच्या फोनमध्ये चालेल असं एक मेमरी कार्ड करून द्या. त्यात गोष्टी, कविता आणि पाढे नुसत्या आवाजात भरा. व्हिडिओला बॅटरी लई लागते, ऐकायला कमी. तुमचा स्वतःचा आवाज असला तर फारच बरं. लेकरू चार महिने दुसऱ्या जिल्ह्यात, कधी कर्नाटकात असतं, तिथं आपल्या गुरुजीचा आवाज कानावर पडला तर शाळा आपली आहे असं त्याला वाटत राहतं. परत आल्यावर पाचवीचं पोरगं मागच्या बाकावर जाऊन बसतं ते कुठून सुरू करायचं हे न कळल्यामुळं. स्थलांतर करणाऱ्या लेकराला शिकणं चालू राहावं म्हणून शिक्षण हमी पत्रक सोबत देताच, त्यातच कार्डाची चिठ्ठी लावा.

टॅब द्यायचे तर हंगामी वसतिगृहातल्या लेकरांना संध्याकाळी द्या. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ तिथं सगळ्यात जड जाते. आईची आठवण तेव्हाच येते. तेव्हा कुणीतरी जवळ बसून गोष्ट लावली तर फार मोठी गोष्ट होईल. आणि आठवड्यातून एकदा त्या टॅबवरून आईबापाला व्हिडिओ कॉल लावून द्या. यासाठी रेंज लागेल तर लेकरांना पारावर न्या. एवढं तरी कराच.

उदगीरची_आई

वरचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले, दादा.

मी शिक्षिका नाही, पालक आहे. माझ्या मुलीला दहावीनंतर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेकडून टॅब मिळाला. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, नॉन-क्रीमीलेअर असलेल्या आणि अकरावी विज्ञानला गेलेल्या लेकरांसाठी ती योजना आहे. नीट, जेईई, सीईटीच्या तयारीला टॅब आणि रोजचा ६ जीबी डेटा. धाग्यावर ज्यांची लेकरं दहावीत आहेत त्यांनी निकाल लागला की महाज्योतीचं संकेतस्थळ बघत जा, अर्जाची मुदत निघून जाते.

मला सांगायचंय ते मुलींबद्दल. आमच्या गल्लीत मुलाला फोन घेऊन देतात, मुलीला म्हणतात तुला कशाला. असर या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीचा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वयाच्या मुलामुलींवर होता. त्यात ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यापैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. गुरुजी, तुम्ही तिघांत एक टॅब देणार असाल तर बघा, तो पोराच्या हातात राहतो आणि पोरी मान वाकडी करून बघत बसतात. मुलींचे गट वेगळे करा, किंवा टॅब कुणी धरायचा त्याची पाळी लावा.

व्यसनाचं म्हणाल तर ती भीती मलाही होती. मुलगी अभ्यासाच्या टॅबवर रील बघत बसेल असं वाटायचं. आम्ही ठरवलं, टॅब ओसरीवरच वापरायचा, खोलीत न्यायचा नाही. तेवढ्याने जमलं.

धारूरचे_गुरुजी

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद छापून समितीच्या बैठकीत नेले, पालकांना वाचून दाखवले. 'कोयत्याचं_पोरगं' यांचं लिहिलेलं वाचताना बाया रडल्या. तिथंच ठरलं की घरी वाटप करायचं नाही. सरपंचांनाही पटलं. ते म्हणाले, कार्यक्रम घेऊच, पण जून महिन्यात लेकरांनी टॅब चालवून दाखवल्यावर.

असं ठरलंय. शाळेच्या नावावर एक लॅपटॉप. टॅब दहा, सगळे एका मॉडेलचे, कव्हर-काचेसह. जमलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा खर्च करायचा नाही, तो समितीच्या खात्यात दुरुस्तीसाठी राहील. हा आग्रह मी धरला, कारण संयुक्त शाळा अनुदानातून (शाळेला खर्चासाठी मिळणाऱ्या सरकारी रकमेतून) हे भागणार नाही. ३१ ते १०० पटाच्या शाळेला निकषाप्रमाणे वर्षाला २५,००० रुपये, त्यात वीजबिल, खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती सगळं बसवायचं. टॅबची काच त्यात कुठे बसवू? सेलूकरांचाही मुद्दा घेतलाय, काही रक्कम गोष्टींच्या पुस्तकांना राखून ठेवली आहे. मानधनावर माणूस ठेवायला मात्र पैसे पुरत नाहीत.

ठराव हिंगोलीकर आजोबांनी सांगितला तसाच लिहिला. शिक्षकाकडून वसुली होणार नाही ही ओळ वाचली तेव्हा आमच्या दोन्ही सहकाऱ्यांचे चेहरे मोकळे झालेले मला दिसले. मॅडम लगेच म्हणाल्या, मग परिसर अभ्यासाला मी टॅब घेऊन लेकरांना ओढ्यावर नेते, पक्ष्यांचे, झाडांचे फोटो काढू देते. चौथीच्या लेकरांचं वाचन त्यांच्याच आवाजात टिपायचं आणि महिन्याने त्यांनाच ऐकवायचं, हीही कल्पना त्यांचीच.

खडकेश्वर, कोलिब्रीसाठी आमच्याकडे एक जुना लॅपटॉप आलाय, पुण्याच्या एका पोराने दिला. विंडोज १० आहे. बसवायला कुणी मदत करेल का?

गंजगोलाईवाले भाऊ, फुगलेले टॅब कसे आणू? शनिवारी एसटीने लातूरला येणं होतंय.

खडकेश्वर

गुरुजी, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी अंबाजोगाईला येतोय, तिथून धारूर जवळच. लॅपटॉपवर लिनक्स आणि कोलिब्री मी बसवून देतो. सातवीच्या दोन-तीन मुली शेजारी बसवा, करताना त्यांना दाखवीन. पुढच्या वेळी त्या स्वतः करतील. येताना गणिताचं आणि गोष्टींचं साहित्य पेन ड्राइव्हवर भरून आणतो, म्हणजे तिथं नेट लागणार नाही. आवाजाच्या मेमरी कार्डांचंही त्याच वेळी करू. तोवर तुम्ही तिघं शिक्षक कविता आणि पाढे फोनवर टिपून ठेवा. खिडक्या बंद करून, पंखा बंद करून टिपा, नाहीतर नुसती घरघर येते. एकेका फाइलला पाच मिनिटांच्या आत संपवा आणि नावं मराठीत, क्रमांकासह द्या. साध्या फोनमध्ये फाइल क्रमांकानेच लागतात.

कोयत्याचं_पोरगं

मी पण येतो सर, संभाजीनगरहून तुमच्याबरोबर. कार्डं भरायचं काम माझ्याकडं द्या. फडावरच्या बायांना फोनमध्ये ते कुठं सापडेल हे समजावायला एक चित्राची चिठ्ठी करून आणतो, त्यांना वाचता येत नाही.

गंजगोलाईवाला

गुरुजी, फुगलेले टॅब एसटीत आणू नका, गर्दीत दाबले गेले तर पेट घेतात. त्यांना चार्जर लावू नका, टोचू नका, उघडू नका. सध्या मातीच्या भांड्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, लेकरांपासून लांब, सावलीत. निर्लेखनाची मंजुरी आली की कळवा. नोंदणी असलेला ई-कचरा घेणारा लातूरला येतो, त्याच्या गाडीची सोय मी बघतो, त्याची पावती तुम्हाला फाइलला लावायला मिळेल.

जे चालू होईनात पण फुगलेले नाहीत ते शनिवारी आणा. त्यातल्या बऱ्याच बॅटऱ्या नुसत्या झोपलेल्या असतात, मशीनवर उठवून बघतो. मजुरी घेणार नाही, पार्ट लागला तर तेवढे द्या. आन् नवे टॅब घ्यायच्या आधी मॉडेलचं नाव इथं टाका, त्याची काच बाजारात मिळती का ते आधी बघून सांगतो.